पत्नीचे नाव

लातूर, रविवार, संध्याकाळ

भूकंपानंतर सगळे अंगणात झोपायचे, तेव्हा पहाटे हे एकच कप चहा आणायचे आणि आम्ही तो बशीत ओतून अर्धा अर्धा प्यायचो.

आज ह्यांचा मेल उघडायला बसले. लेकीच्या, केतकीच्या, क्लासच्या वर्षांतले आम्हा तिघांचे फोटो त्यातच आहेत, आणि पासवर्ड ह्यांच्याबरोबर गेला. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. प्रश्न आला: पत्नीचे नाव? हसूच आलं. वैशाली लिहिलं. चूक. आडनावासकट लिहिलं. चूक. मग खातंच कायमचं बंद झालं.

औशाला धाकट्या बहिणीला, सुमनला, फोन केला.

"अगं ताई, वैशाली तर लग्नात ठेवलेलं नाव! मंदाकिनी टाकलंस का?"

"नाही गं."

"तू माहेरी आलीस की भावजी फोनवर 'मंदाकिनी काय करायली' असंच विचारायचे की."

घरात मला नुसतं 'अगं' म्हणायचे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर ज्या नावानं हजेरी घ्यायच्या, ते माझंच नाव. मला का सुचलं नाही? आता कुठे लिहू ते?

माझ्यामागे पैठणी सुमनला द्यावी. ज्या चांदीच्या ताटातल्या तांदळात माझं नाव बदललं, ते ताट केतकीला. तिच्या लग्नात त्यात फक्त पेढे ठेवावेत.