ह्यांच्या हातानं मोजलेलं पाणी

रविवार, ५ जानेवारी १९९७

...शेण काढून झालं होतं. चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं, म्हशीची धार अर्धी निघाली होती, आणि विहिरीवरून ह्यांची हाक आली, "नऊऽ!" मी ओले हात पदराला पुसले, आत गेले, कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं ९ काढला. परत येऊन धार पुरी केली. एवढंच. कुठल्या सालातली सकाळ, तेही सांगता येत नाही. अशा नऊ वर्षांच्या सकाळी.

आज आठवलं, कारण नंदानं पेटीतून जुनी कॅलेंडरं काढली. बारामतीला बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष तिचं. विषय पर्यावरण. आमच्या कळस गावच्या विहिरींच्या पाण्यावर प्रकल्प करायचाय.

"आई, हे आकडे कशाचे गं?"

सांगितलं. विहीर आमची नि भावजींची मिळून. एक दिवस त्यांचा, एक आमचा. मोटर सुरू करायच्या आधी हे दोराला दगड बांधून सोडायचे. दगड पाण्याला टेकला की दोर वर ओढत आपल्या हातानं मोजायचे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पाणी किती खाली गेलं ते दोघांना कळावं, भावाभावांत शब्द नको. लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. नंदाच्या पाटीवरून आकडे पुन्हा शिकत होते तेव्हा. गिरवायला काहीतरी हवं होतं.

नंदा चौकोनांवरून बोट फिरवत बसली. म्हणाली, "एवढं कुणाकडंच नाही. आमच्या सरांकडंपण नाही."

हे गेले त्याला चार वर्षं झाली. मोजणं तेव्हाच थांबलं.


बुधवार, ८ जानेवारी

नंदानं ठेवलेलं पुस्तक वाचतेय. दिवसाला दोन पानं, अडलेल्या शब्दाखाली रेघ. 'शाश्वत' हा शब्द मी कीर्तनात ऐकलेला, तिथं तो देवाचा. इथं पाण्याचा, मातीचा. वापरायचं, पण मागून येणाऱ्याला उरेल असं. वाचून वाटलं, ह्यांना सांगावं. म्हणाले असते, "मग मी येगळं काय करत हुतो?"

अशा सांगायच्या गोष्टी साठत जातात.

बांधावर भावजी भेटले.

"वैनी, पोरगी पाण्याची डाक्टर हुनार म्हनं. आमच्या हिरीची नाडी बघा म्हनावं."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "पर पाणी खाली गेलंय असं कागदावर आनू नका. कारखान्याला उसाची नोंद दिलीया मी."

घरी येऊन पान पुन्हा वाचलं.


शुक्रवार, १० जानेवारी

सकाळच्या एस. टी.नं बारामती. कॅलेंडरं धडप्यात बांधून मांडीवर. नंदा फाटकाशी उभी होती, अंगात पांढरा कोट. ओळखायला क्षणभर वेळ लागला.

तिनं वर्गात नेलं. मी बाकावर बसले. शाळेत आम्ही जमिनीवर बसायचो, तेही दोनच वर्षं. बाकावर कुणीतरी कर्कटकानं नाव कोरलेलं. त्यावर हात ठेवून बसले. खिडकीतून ऊन येत होतं, फळ्यावर कालचं काहीतरी अर्धं पुसलेलं. अजून थोडा वेळ कुणी येऊ नये असं वाटलं.

सर आले. तरुण आहेत. कॅलेंडरं एकेक करून पाहिली, एकही पान दुमडू दिलं नाही. मग विचारलं, "काकू, एक हात म्हणजे किती सेंटिमीटर?"

मी माझा हात पुढं केला.

"तुमचा नाही. त्यांचा."

प्रत्येकाचा हात वेगळा. एका हातात दोन बोटं चुकली तर वीस हातांत किती चुकेल, त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. माप कळलं तर हे सगळं प्रकल्पात घेता येईल. नाही तर नुसते आकडे. ते ओशाळून बोलत होते, त्यांचं चुकलं नाही.

येताना खिडकीशी बसले. ह्यांचा हात आठवत होते. मनगटावरचा काळा दोरा आठवला. खुरप्याचा वण आठवला, अंगठ्याच्या बुडाशी. झोपेत अंगावर पडला की लागायचं ते वजन आठवलं. लांबी आठवेना.


मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

बायका वाण घेऊन देवळाकडं गेल्या. मी दार लोटून घोंगडं काढलं.

सासऱ्यांची मेंढरं होती तेव्हाची लोकर. सणगराकडून विणून घेतलेलं, आणि घेताना ह्यांनी स्वतःच्या हातानं मोजून घेतलेलं. बरोबर सहा हात. दोन बोटं कमी पडली होती तर परत पाठवलं होतं.

जमिनीवर अंथरलं. नंदाच्या टेपनं मोजलं, सहानं भागलं. बेचाळीस. मग माझा हात मोजला. बेचाळीस.

असं कसं? ह्यांचा हात माझ्याएवढा?

तरी बेचाळीस असं कार्ड लिहिलं नंदाला. टाकलंही.


गुरुवार, १६ जानेवारी

भावजी म्हशीचं औषध द्यायला आले. घोंगडं अजून पसरलेलंच. सगळं ऐकलं आणि खो खो हसले.

"आवं वैनी, धनगराच्या घरात नांदून इतकी वर्सं झाली. लोकर धुतली की आटती. दादाच्या धाव्यानंतर चारीवर न्हेऊन धुतलं न्हवतं का तुमी?"

धुतलं होतं. सुतकातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचंच असतं. मीच धुतलं, दगडावर आपटून आपटून. ह्यांचा वास निघून गेला तेव्हा रडले होते. मापही गेलं, हे चार वर्षांनी कळतंय.


रविवार, १९ जानेवारी

नंदा काल आली. कार्ड मिळालं होतं. घोंगडं आटल्याचं सांगितलं, रागावली नाही. म्हणाली, सरांनी दुसरी वाट सांगितलीय. ह्यांना जवळून ओळखणाऱ्या दोन माणसांना वेगवेगळं विचारायचं. एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. आधी लिहून ठेवायचं, मग ताडून बघायचं.

"पहिली तू."

मी म्हटलं, मला नाही आठवत. चहा टाकला. आधण येईपर्यंत आठवलं.

लग्नाचं पहिलं वर्ष, हेच दिवस. ज्वारीची पाखरं राखायला गेलो होतो. राखणीच्या माळ्यावर बसून ह्यांनी माझ्या हाताला हात लावला, कोपराला कोपर. म्हणाले, "चार बोटं कमी हायस."

नंदानं विचारलं, "कुणाची बोटं? त्यांची की तुझी?"

पोरीला हे विचारावंच लागलं. शिकवलंयच तसं.

माझी. माझी बोटं धरून त्यांनी आपल्या पंजावर आडवी ठेवली होती, एक, दोन, तीन, चार. मी लाजून काढून घेतली होती. हे तिला सांगितलं नाही. नुसतं 'माझी' म्हटलं. तिनं माझा हात मोजला, वर माझी चार बोटं. साडेअठ्ठेचाळीस. चिठ्ठी पाकिटात घालून डिंकानं बंद केली, पेटीत ठेवली.

आता भावजींना विचारायचं. तिच्या गाडीची वेळ झाली. ते माझ्यावर आलं.


मंगळवार, २१ जानेवारी

विचारलं. ते उसाचं बेणं बघत होते. मान वर केली नाही.

"म्हंजे माझ्याच हिरीला नाव ठेवायला माझाच हात?"

"तुमचा न्हाई, भावजी. ह्यांचा."

"न्हाय आठवत मला."

खोटं बोलले. ते खोटं बोलतात तेव्हा कानाची पाळी ओढतात.


शनिवार, २५ जानेवारी

सकाळी आपण होऊन आले. ओट्यावर बसले, बाही वर सारली.

"आना ती टेप. शिंप्यागत."

मी मोजायला लागले तर म्हणाले, "थांबा. माझा न्हवं ना पायजे? दादाचा लांब हुता." त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट आपल्या बोटांच्या पुढं हवेत धरलं. "ल्हानपनी बोरं काढायला जायचो. माझा हात पोचायचा न्हाय तितं त्याचा पोचायचा. येवढ्यानं. मला वरचं कदी गावलंच न्हाय, त्योच काडून द्यायचा. हितं. हितपत्तूर."

मोजून झालं तरी ते बोट खाली घेईनात. मीही टेप गुंडाळली नाही. हवेतच होतं, पण त्या जागी ह्यांच्या बोटाचं टोक होतं.

उठताना म्हणाले, "खरं काय ते लिव्ह म्हनावं तिला. पर ऊस मी लावनार."

सत्तेचाळीस. चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

संध्याकाळच्या गाडीनं नंदा आली. पाकीट फोडलं. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. एका बोटाचा फरक.


रविवार, २६ जानेवारी

नंदा गेली. दोन्ही आकडे सरांना दाखवणार. चालतील की नाही, ते सर सांगतील. मी विचारलं, नाही चाललं तर? ती म्हणाली, "तर प्रकल्पात नसतील, आई. तुझ्या वहीत असतील."

त्या एका बोटाच्या फरकात कुठंतरी ह्यांचा हात आहे. इतकं जवळ चार वर्षांत पोचले नव्हते.

जाताना पुस्तकाचा दुसरा भाग ठेवून गेली. पहिल्या भागातल्या माझ्या रेघा तिनं पाहिल्या. समासात अर्थ लिहून ठेवलेत, बारीक अक्षरात.


सोमवार, २७ जानेवारी

शेण काढलं. धार काढली. दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, दोर वर ओढत मोजला. एकोणीस. घरात येऊन कॅलेंडरात १९ लिहिलं आणि शेजारी लिहिलं, माझा हात.