बन्नूरची म्हैस

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
१८ जून

प्रिय उपेंद्र,

तुझं घर माझ्या घरापासून साडेचार किलोमीटरवर आहे आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवतो आहे, याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोन केला असता तर मी बोललो असतो, आणि मी बोलायला लागलो की काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? समोर एक माणूस असला तरी मला शंभर दिसतात. हात वर जातो, आवाज चढतो, आणि जे सांगायला आलो ते बाजूला राहून जे ऐकायला चांगलं तेच तोंडातून बाहेर पडतं. कागदावर टाळ्या पडत नाहीत, म्हणून कागद घेतला.

आधी बातम्या. आपली जुन्या मोटरसायकलींची मंडळी रविवारी सकाळी सातला अजून जमते, त्याच इडली-कॉफीच्या दर्शिनीसमोर. पूर्वी नऊ गाड्या उभ्या असायच्या, आता सहा असतात. दातांचा डॉक्टर चिदंबर त्याची साडेसहाशे सीसीची गाडी घेऊन येतो आणि सांगतो की लांब वळणावर तिचं मागचं चाक पुढच्याचं ऐकत नाही, पण त्यात तिची चूक नाही, तिला हुणसूर रस्ताच आवडत नाही. गंगाधररावांची चारशे, ताशी नव्वदच्या पुढे गेली की हँडल थरथरवते. ते म्हणतात, हात सैल सोडा, आपोआप शांत होते. मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातले बुश झिजलेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे, हे तू त्यांना किती वेळा सांगितलंस. अजून बदललेले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत दोष असतो आणि आपल्या गाडीत स्वभाव असतो, असं तू एकदा इडली खाताना म्हणाला होतास. सगळे हसले होते. मी जरा कमी हसलो, कारण तू माझ्या साडेपाचशेकडे बघून म्हणाला होतास.

दुसरी बातमी आमच्या लेकीची, चंदनाची. ती बंगळूरला वकिली करते, आता उभी राहून बोलते तेव्हा न्यायाधीशही पेन खाली ठेवतात असं तिची मैत्रीण पवित्रा सांगते. पुढच्या शनिवारी दोघी येणार आहेत. रविवारी पहाटे माझी साडेपाचशे घेऊन मडिकेरीला जाणार, चंदना पुढे आणि पवित्रा मागे. वर तिकडे चार दिवस झोडपून पाऊस पडतो आहे. माझ्या साठीनंतर गाडी तुझी, असं मीच तिला वचन दिलं होतं. साठी मागेच उलटली. या बातमीकडे मी पुन्हा येतो.

तू सांगलीहून इथल्या टूलरूममध्ये नोकरीला आलास तेव्हा म्हैसुरात आपल्या मॉडेलची एकच गाडी होती, माझी. योग शिकायला आलेल्या एका जर्मन माणसाने जाताना मला दिली होती. वर्षभरात तू दुसरी शोधून आणलीस. तुला आठवतं, पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या शेजारी लावून आपण नुसते बघत बसलो होतो? मला दुहेरी आनंद होता. आमच्या घराण्यात दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आलेली मराठी, कन्नडचं बोट धरून कशीबशी चालत होती. पुस्तकं वाचून मी ती सरळ केली होती, पण बोलायला कोणी नव्हतं. तू म्हणालास, नरसिंगराव, तुम्ही घरी बोलता ती आणि मला बोलता ती, या दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि घरची जास्त चांगली पळते. मी रागावलो नाही. तुझ्यावर मी तेव्हा रागावत नसे.

ब्रेकचा विषयही तूच काढलास. कोरड्या रस्त्यावर आपल्या गाडीचा पुढचा ब्रेक उत्तम. पावसात मात्र ब्रेकच्या डिस्कवर पाण्याचा पापुद्रा धरतो, आणि लिव्हर ओढली की आधी काहीच होत नाही. माणूस घाबरून आणखी ओढतो. मग पाणी पुसलं जातं आणि सगळा ब्रेक एका झटक्यात लागतो. त्या काळच्या या गाड्यांचे जगभरचे मालक यावर वाद घालतात, असं तू सांगायचास. कोणी म्हणतं, पावसात लिव्हरवर दोन बोटं हलकी टेकवूनच चालवा. कोणी पॅड बदलतं. तू डिस्कला भोकं पाडलीस, पाणी निघून जावं म्हणून. मोजून, आखून, रविवारची सुट्टी घालवून. आणि एक नाही, दोन डिस्क केल्यास. दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळून मंडळीच्या दहाव्या वर्षाच्या जेवणाला घेऊन आलास, माझ्यासाठी.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहायचं आहे. माझ्या हातात माईक होता. मी ती डिस्क उंच धरली आणि विचारलं, ही गाडीची वस्तू आहे की आमच्या घरच्या रुक्मिणीबाईंची चाळणी? पानावर बसलेली माणसं हसली. हशा आला की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांच्यापेक्षा आपण शहाणे झालो काय? यंत्राला भोक पाडणारा यंत्रावर अविश्वास दाखवत नाही, स्वतःच्या हातावर दाखवतो. कन्नडमध्ये ते वाक्य याहून जोरदार होतं. टाळ्या थांबेनात. चंदनाने सगळं फोनवर टिपून घेतलं. मी डिस्क तुझ्या पानाशेजारी ठेवली. तू भात संपवलास, डिस्क पुन्हा कागदात गुंडाळलीस. त्यानंतर दोन रविवार आलास. तिसऱ्या रविवारी चिदंबरने तुला 'या चाळणीसाहेब' म्हटलं आणि तू चहा न पिता गेलास.

उपेंद्र, त्या दिवशी मला माहीत होतं. आदल्या पावसाळ्यात नंजनगूड रस्त्यावर मी लाल सिग्नल ओलांडून थेट चौकाच्या मध्यभागी जाऊन थांबलो होतो. समोरून काही येत नव्हतं म्हणून वाचलो. घरी येऊन अर्धा तास गाडीजवळ उभा होतो. तू म्हणतोस ते खरं आहे हे मला तेव्हाच कळलं. मग जेवणाच्या दिवशी मी उलटं का बोललो? मतभेद होता म्हणून नव्हे. वाक्य जमलं म्हणून. आयुष्यभर तळी वाचवा, झाडं वाचवा, खोटं बोलू नका, असं मी लोकांना ओरडून सांगितलं. त्यातलं किती मी विचार करून बोललो आणि किती वाक्य जमलं म्हणून, हे आता मला मोजायचं धाडस होत नाही.

तीन महिन्यांनी बन्नूरला शाळेच्या समारंभात माझं भाषण होतं. रुक्मिणी मागे बसली होती, मांडीवर त्यांनी दिलेली फळांची पिशवी. परत येताना भुरभुर पाऊस होता. कालव्याच्या अलीकडच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर उभा होता, बराच लांब. शाळेतलं पोर सायकलवर थांबलं असतं इतका लांब. मी लिव्हर ओढली. काही नाही. आणखी ओढली, सगळ्या बोटांनी, हातावरचा सगळा विश्वास लावून. मग ती लागली. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि आम्ही रस्त्यावर होतो. मला खरचटलं. रुक्मिणीचा उजवा गुडघा गाडीखाली होता.

ट्रॅक्टरवरची माणसं धावत आली. काय झालं, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, एम्मे अड्ड बंतु. म्हैस आडवी आली. ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रस्ता तिथे दोन्हीकडे अर्धा मैल मोकळा होता, उपेंद्र. म्हैस काय, कुत्रंही नव्हतं. रुक्मिणी खाली पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. तासाभराने नर्सने तिला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, म्हैस आली.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आलास, थर्मासमध्ये कॉफी घेऊन. तीन महिन्यांत एक शब्द नाही आणि तरी आलास. तू एकच विचारलंस, ब्रेक कधी लागला? आणि मी तुला म्हैस सांगितली. कुठून आली, कशी थबकली, शिंगं कशी होती, सगळं. तू वाटेत गॅरेजमध्ये जाऊन गाडी बघून आला होतास, हे मला नंतर कळलं. तुला सगळं दिसलंच असणार. तू माझं पूर्ण ऐकून घेतलंस, 'बरं' म्हणालास, रुक्मिणीला नमस्कार केलास आणि गेलास. त्या 'बरं'नंतर तीन वर्षं झाली. लोकांनी मला सभेत शिव्या दिल्या आहेत, एकदा चप्पल फेकली आहे. त्यातलं काही मला आठवत नाही. ते 'बरं' आठवतं.

म्हैस पुढे वाढत गेली. चिदंबरने तिला मंडळीत प्रसिद्ध केलं. नवीन कोणी आला की मला ती सांगायला लावतात आणि मी सांगतो. गेल्या वर्षी तर तिच्या गळ्यात घंटा आली. लोक पोट धरून हसतात. रुक्मिणी आता जमिनीवर बसू शकत नाही. उंबऱ्यासमोरची रांगोळी ती स्टुलावर बसून, वाकून काढते, आणि खालची ओळ नेहमी वाकडी येते.

परवा फोनवर मी चंदनाला म्हणालो, पावसात जाऊ नका, बसने जा. ती म्हणाली, 'अप्पा, थांबा हं,' आणि फोनवर माझंच भाषण लावलं. स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवतो, मग टाळ्या. 'हे कोण बोलतंय सांगा,' म्हणाली आणि हसली. म्हैस आली नाही तर मला काय होणार आहे, असंही म्हणाली. तिला ते भाषण पाठ आहे. लहानपणी पोरं पाढे म्हणतात तशी ती माझी वाक्यं म्हणते. येत्या रविवारी ओल्या घाटात, मागे पवित्राला घेऊन, ती माझं वाक्य धरून लिव्हर ओढणार.

फोन ठेवला आणि मी ठरवलं की तुझ्याकडून ती डिस्क मागायची, गुपचूप बसवून घ्यायची, कोणाला काही सांगायचं नाही. या पत्राचा पहिला कागद तसाच लिहिला होता, चार ओळींचा, गोड. रुक्मिणी खुर्चीवर बसून सोप्पू निवडत होती. मी वाचून दाखवला. तिने पालेभाजीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, 'अहो, तीन वर्षं ती एम्मे मी पोसली. नोडी, बघा, आता माझ्याच्याने होत नाही. तुम्ही आणलीत, तुम्हीच सोडा.' एवढंच. पुन्हा भाजी निवडायला लागली. पन्नास वर्षांत मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण ते होतं.

म्हणून हा दुसरा कागद. तू चूक नव्हतास. बन्नूरच्या रस्त्यावर म्हैस नव्हती. चंदनाला मी शनिवारी संध्याकाळी सांगणार आहे, रुक्मिणीसमोर, बसून आणि हळू आवाजात. रविवारी सातला मंडळीत सांगेन. चिदंबरने मध्ये हसवायचा प्रयत्न केला तरी थांबणार नाही. तिथे तू असावंस असं वाटतं, पण तो हक्क मी गमावला आहे. मागायची आहे ती एकच गोष्ट. ती दुसरी चाळणी तू अजून ठेवली असलीस तर शनिवारी दुपारी घेऊन ये. फेकली असलीस तर माझी डिस्क काढून ठेवतो, तिला भोकं पाड. चंदना सांगून ऐकणारी नाही, माझीच पोर आहे. पण तुझ्या हातांकडे बघून ऐकेल. तू बोल्ट आवळत असताना मी तिला पाना धरायला बसवेन आणि स्वतः गप्प राहीन. आला नाहीस तरी मी समजून घेईन. मग गाडीची किल्ली मी तिला देणार नाही, आणि का देत नाही तेही खरंच सांगेन.

तुझ्या 'बरं'ची वाट बघणारा,
तुझाच,
नरसिंगराव