दादाच्या नावाची नळी

तानसा,
रविवार, ११ जानेवारी

प्रिय गिरजाताई,

पाया पडतो. तू, दाजी, विपुल आणि सूनबाई सगळी बरी असाल. सिद्धगडाच्या अंगाला आमच्यापेक्षा थंडी जास्त, तेव्हा पहाटे उठून गोठ्यात जायचं आता तरी सोड. अक्षदासारखी सून मिळालीय, पण तू काय ऐकणार! इकडे वाल बरे आलेत. ठकीवहिनीने तुझ्या वाटणीच्या शेंगा बाजूला ठेवल्यात.

आपला दादा मंगळवारी मुंबईहून घरी आला. आतड्यातला गाठीचा भाग काढलाय, पोटाला शौचाची पिशवी लावलीय. आता केमो सुरू होईल. खातो थोडं थोडं. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "काय रे, कुठं?" असं विचारतो, पण पूर्वीसारखा आवाज निघत नाही. देवराम आला म्हटलं की बैलसुद्धा सरळ चालायचे, तो माणूस पाणी मागताना लाजतो गो.

आता मुद्द्याचं. अक्षदाने मला फोन केला होता. तिला ओरडू नकोस, ती रडत होती. तुमच्या गावात घरोघर शौचाच्या तपासणीच्या नळ्या वाटल्या, तू दिलीस, तुझ्या नळीत रक्त निघालं आणि कल्याणच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. तू साफ नाही म्हणालीस.

ताई, असं करू नकोस. रक्त निघालं म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. मुळव्याध असेल, दुसरं काही असेल. कधी आतड्यात चामखिळीसारखा कोंब असतो, तो दुर्बिणीतूनच काढून टाकतात आणि माणूस संध्याकाळी घरी येतो. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? आपले बाबा पोटानेच गेले. आता दादा. आपल्या घरात हे आहे, तेव्हा आपण बाकीच्यांपेक्षा जास्त जपायला पाहिजे.

दादाच्या आदल्या वर्षीच्या रिपोर्टचं तू अक्षदाला ऐकवलंस म्हणे. ते मध्ये आणू नकोस. ते वेगळं होतं. तुझं तुझ्यापुरतं बघ.

फोनवर बोललो असतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर. मी तुला विचारतो आणि उत्तर दाजी देतात, नाहीतर शेजारची चिमी. म्हणून लिहितोय. कल्याणला कधी जातेस ते कळव, मी रजा टाकतो.

तुझा धाकटा,
अनिल


तानसा,
शनिवार, १७ जानेवारी

ताई,

आज खुशाली विचारत बसत नाही. विपुल काल दादाला बघायला आला. उद्या परत निघेल, त्याच्या हाती हे पत्र देतोय. पाकीट चिकटवलंय. आधी तू एकटी वाच, मग कोणाला दाखवायचं ते दाखव.

काल रात्री जेवताना विपुलने तुझा निरोप सांगितला, सगळ्यांच्या देखत. "आई बोलते, मामाच्या नळीत पयल्या वर्षी काय नाय निघालं आन् दुसऱ्या वर्षी एवढी गाठ. ज्यांना मामाची गाठ दिसली नाय, त्यांना माझं रक्त बरं दिसलं! मी नाय जायची." वहिनी म्हणाली, "खरंच बोलते ती." आणि दादाने मान हलवली. म्हणाला, "त्या रिपोर्टावर भरवसा ठेवला नं, तिथंच फसलो मी."

मी ताट सारलं. उठून मोरीवर गेलो.

ताई, त्या पहिल्या वर्षी दादाच्या नावाने जी नळी गेली, तिच्यात दादाचं काही नव्हतं. माझं होतं.

झालं, लिहिलं. आता सगळं सांगतो.

आठव, त्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई दोन नळ्या देऊन गेली होती, एक दादाला, एक मला. शौचाला बसल्यावर काडीने चार ठिकाणी टोचायचं, काडी नळीत घालून बूच घट्ट लावायचं आणि ती येईपर्यंत गारव्यात ठेवायची. दादा आधी भडकला होता, "आता गू पन डबीत भरून देयाचा काय?" आशाताईनं बाबांचं नाव काढलं तेव्हा कबूल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बिचाऱ्याने नीट केलं. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून नळी माझ्याकडे आणून दिली, कारण फ्रीज माझ्या घरात. म्हणाला, "ठेव रे, कोणाला दाखवू नको." दादा लाजलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मी ठेवली फ्रीजच्या दारात. दुपारी गौर आली. फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध, खिरीचं पातेलं, हळदीची पानं, आणि शेजारी ती पिशवी. माझं डोकंच फिरलं गो. गौर घरात बसलीय आणि मी काय सांभाळतोय! बायकोला कळलं असतं तर तिने सगळा नैवेद्य ओतून दिला असता. मी पिशवी उचलली, मागच्या दाराने गेलो आणि ओहळाच्या कडेला पुरून आलो. अंगावर पाणी घेऊन परत आरतीला उभा राहिलो. मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं होतं मला.

आशाताईला सांगितलं, बूच सैल राहिलं, सांडली. तिने दुसरी नळी दिली आणि बजावलं, "दादांना परत घ्यायला लावा हां." पण दादाला काय सांगू? तुझी नळी पुरली म्हणून? त्याने अख्ख्या आळीत माझी शोभा केली असती. गौर गेली, विसर्जन झालं, आता आशाताई नळ्या न्यायला येणार. मला माझी भरायचीच होती. मी दोन्ही भरल्या. एकीवर माझं नाव, एकीवर दादाचं. अक्षर माझंच. मनात म्हटलं, एका आईच्या पोटचे, एकाच भाताच्या खाचरातलं खातो, फरक काय पडणार?

रिपोर्ट आले. दोन्ही साफ. दादाने पेढे वाटले, तुलाही पाठवले होते. तू खाल्लेस ना ते?

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने नाही. होळीच्या सुमाराला दादाला रक्त पडायला लागलं. वहिनी म्हणाली, डॉक्टरकडे जा. दादा म्हणाला, "माझा रिपोर्ट चांगला हाय, मुळव्याध असंल," आणि कुठल्या कुठल्या मुळ्या उगाळून पीत बसला. मी ऐकत होतो. तेव्हा तरी तोंड उघडायचं! दोनदा ओटीपर्यंत गेलो आणि भाताच्या बियाण्याचं बोलून परत आलो. रिपोर्ट खरा असता तरीसुद्धा रक्त दिसल्यावर डॉक्टरकडे जायलाच पाहिजे होतं, हे मला आता कळतं. पण दादा ज्याच्या जोरावर घरी बसला, तो कागद मी बनवला होता.

आशाताई पुढच्या वर्षी परत आली म्हणून तरी सापडलं. या खेपेला दादाने स्वतः दिली, स्वतः तिच्या हातात. त्यातच निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी फाईल बघून विचारलं, "मागच्या वर्षी काहीच नव्हतं?" मी फाईल धरून उभा. तेच पुढे म्हणाले, "होतं असं कधी कधी. गाठ असली तरी एखाद्या दिवशी रक्त येत नाही, म्हणून तर एकदा करून थांबायचं नाही, दरवर्षी करायची." त्या भल्या माणसाने मला सुटायला वाट करून दिली आणि मी निर्लज्ज, त्या वाटेने सुटलो. वर्षभर आधी सापडलं असतं तर काय, हे मी विचारलंच नाही. विचारायची हिंमत नव्हती. आता आजूबाजूच्या ग्रंथींमध्ये पसरलंय, हे मात्र ऐकलं.

दादाची पिशवी आता मीच बदलतो. वहिनीचे हात थरथरतात. पुसतो, धुतो, नवी लावतो, आणि मला जराही किळस येत नाही. मग त्या दिवशी एवढीशी नळी कशी जड झाली मला? रोज हेच डोक्यात येतं. दादा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "पोरगा नाय करनार एवढं करतोस रे." त्याच्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, "ते वेगळं होतं." वेगळं कसलं, खोटं होतं. आणि माझं ते खोटं आता तुझ्या दारात येऊन बसलंय. तपासणीने दादाला फसवलं म्हणून तू जात नाहीस. तपासणीने नाही फसवलं गो ताई. दादाचं पहिल्या वर्षी तपासलंच नाही कोणी. ज्या वेळी खरोखर त्याचं तपासलं, त्या वेळी सापडलं. तुझी नळी तुझीच होती, तुझ्या हाताने दिलेली. तिच्यावर विश्वास ठेव. माझ्यावर ठेवू नकोस.

आज सकाळी दादाला सगळं सांगितलं. पाय धरून सांगितलं. मला वाटलं, आता तो उठून मारेल, नाहीतर रडेल. त्याने एवढंच विचारलं, "गिरजेला सांगितलं काय?" मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाला, "मंग हितं काय बसलास? माझं जे व्हायचं ते झालं. तिला घेऊन जा आदी. तिचा दुर्बिणीचा कागद हातात असल्याबिगर माझ्यासमोर येऊ नको." आणि तोंड फिरवून घेतलं. दुपारची पिशवी त्याने वहिनीकडून बदलून घेतली.

मंगळवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दारात येतोय. अक्षदाने डॉक्टरांची वेळ घेतलीय. आदल्या दिवशी काय खायचं, पोट साफ करायचं औषध कसं घ्यायचं, ते ती सांगेल तसंच कर. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. शिव्या दे. यापुढे भाऊबीजेला मला पाट मांडू नकोस, मी बाहेरून नमस्कार करून जाईन. पण गाडीत बस, ताई. एका भावाचं वर्ष मी खाल्लंय, तुझा एक दिवससुद्धा माझ्या नावावर नको.

भाऊ म्हणून सही करायचा हक्क आज नाही, म्हणून नुसताच,

अनिल