स्वागत समितीला खोली मिळेना

रायपूर, बुधवार

तीर्थस्वरूप नीलकंठमामांच्या पायांवर नरहरचं डोकं. नागपूर तीनशे किलोमीटर लांब असलं तरी टेकलंच समजा. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर? (मामी आंबे कुलपात ठेवून राहिल्या म्हणे. बरं करतात.)

आमच्या नवा रायपूरच्या बियाण्यांच्या कंपनीत केनियाहून वांजिरूबाई आल्या आहेत, धानाच्या डॉक्टर. अन् परदेशी सहकारी स्वागत समितीचा अध्यक्ष कोण? तुमचा भाचा! विमानतळावर हार, टिळा, नारळ, शाल. मग प्रत्येक विभागाचा मान वेगळा, म्हणून दहा दिवसांत अकरा शाली झाल्या. (मे महिना आहे, मामा. बाई घामाघूम, तरी हसून राहिल्या.) पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, माझं टेबल कुठं? आम्ही म्हटलं, बसा हो, काय घाई आहे, पाहुण्या तुम्ही! अकराव्या दिवशी बाई शिपाई मारोतीच्या स्टुलावर बसून काम करताना सापडल्या. स्टूल मारोतीनं आपणहून दिलं होतं. तो समितीत नाही.

खरी पंचाईत पुढंच आहे. गेस्ट हाऊस तीस तारखेपर्यंतच. तोवर घर नाही मिळालं तर मी परत जाते, असं बाईंनी साहेबांना लिहून दिलं आहे. सात घरं पाहिली. फोनवर सगळे ‘आइए भैया, आपका ही घर है’, अन् बाई समोर दिसल्या की एकाचा पुतण्या अचानक राहायला येतो, दुसऱ्याच्या घराला रंग द्यायचा असतो. तेलीबांध्याच्या एका सज्जनानं विचारलं, मांस-मच्छी खाती हैं क्या? मी छाती फुगवून म्हटलं, शुद्ध शाकाहारी! तर म्हणतो, हम तो खाते हैं, इनको तकलीफ होगी. घ्या, कप्पाळ! परतताना बाईच माझी समजूत काढून राहिल्या. फार लाज वाटली हो मामा. माणसाला कातडीवरून घर नाकारायचं म्हणजे हद्द झाली. यावर मी ऑफिसच्या सभेत वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या.

लहानांना गालगुच्चा, मोठ्यांना दंडवत.

तुमचा,
नरहर

ता.क. तुमच्या इथल्या, रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घराचा वरचा मजला दिवाळीपासून रिकामा आहे. तो बाईंना द्या. नाही म्हणू नका.

ता.क. दुसरा. तुम्ही म्हणाल, तुझी वरची खोली काहून देत नाही? तुमची भाचेसून रमा म्हणते, पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील. (आधी मीच म्हणालो होतो.) म्हणून बाईंना सांगितलं, वर सासूबाई असतात, अंथरुणाला खिळलेल्या. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली, हे कृपा करून कुठं बोलू नका.

ता.क. तिसरा. काल बाई सासूबाईंसाठी केळी घेऊन आल्या. वर नेऊन द्या म्हणाल्या. मी नेली. रिकाम्या खोलीत अर्धा तास बसलो, एक केळं सोललं, परत सालीत गुंडाळून ठेवलं. खाली आलो तर म्हणाल्या, रविवारी मी स्वतः भेटते त्यांना, माझ्या आजीचे पायही मीच दाबायची. आज सकाळपासून रमा ती खोली झाडून राहिली आहे. कोणासाठी, ते विचारायची माझी हिंमत नाही.