कट-आउटच्या पेटीखालचा रंग

प्रिय दादा,

आज जीप चार्जिंग घ्यायला लागली. हे तुला कुणीतरी कळवायला हवं आणि घरात कुणाला सगळं सांगता येत नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले. रागावू नकोस, तुझ्या पान्यांना हात लावला मी!

पोलिसांनी सोडल्यापासून ती कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. गावाने तिला पनवती ठरवलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, भंगारात घाला न्हाईतर कुणाला द्या, पन माझ्या म्होरनं हलवा." तिचं काय चुकलं? रोज सकाळी दार उघडलं की समोर तीच.

पण मला जीपपेक्षा लोकांच्या जिभा जास्त सलत होत्या. शुद्धीवरचा माणूस भर नाशिक रस्त्यावर बिनदिव्याची गाडी उभी करतो व्हय, असं पिठाच्या गिरणीत, माझ्या तोंडावर बोलले रे! तू आणि दारू? लग्नाच्या वरातीतसुद्धा सरबत पिऊन नाचणारा तू! आणि सगळ्यात वाईट म्हणजे आबांनी ते खरं मानलं. तुझं नाव घेणं त्यांनी सोडलं. तुझा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे.

तुझी ती जीप! देहूरोडच्या लष्करी लिलावातून आणलीस तेव्हा तिला ना टप होता ना धड सीट. तरी तू असा मिरवत आलास की जणू तुला लष्कराने सलामी दिली. कांद्याच्या गोणी, आजारी माणसं, वऱ्हाडी, सगळं तिच्यातून गेलं. चाकणच्या चढावर ती कण्हायची आणि तू तिला गोंजारून बोलायचास. वहिनीशी तेवढा गोड बोलला असतास तर!

मग दसऱ्यानंतर चार्जिंगच्या मीटरचा काटा मेला. तू बॅटरी बदललीस. पट्टा ताणलास. डायनॅमो उतरवून नाक्यावरच्या दुकानात दाखवलास, ते म्हणाले ठणठणीत आहे. मग सवयच करून घेतलीस ना? गाडी उतारावर लावायची, इंजिन बंद करायचं नाही, बॅटरी दुकानातून भरून आणायची, आणि तीच वाचवायची म्हणून दिवसमावळतीलाही दिवे लावायचे नाहीत. मला का विचारलं नाहीस रे? मी पिंपरीला पंख्यांच्या कंपनीत कॉइल भरते हे तुला माहीत होतं. पण तुझं आपलं एकच, "शके, तू पंखे फिरव, गाडीचं माझ्यावर सोड." आता कुणावर सोडू?

त्या संध्याकाळी बॅटरी पार बसली असणार आणि इंजिन रस्त्याच्या मधोमध बंद पडलं असणार. तिथे उतार नव्हता. एक हात स्टिअरिंगवर ठेवून तू एकटाच तिला कडेला ढकलत होतास. ट्रकवाल्याला दिसलं नाही. हे मी मनात इतक्यांदा पाहिलंय की आता ते पाहिल्याशिवाय डोळा लागत नाही.

म्हणून आज गुरुवारच्या सुट्टीला भरलेली बॅटरी घेऊन आम्ही दोघं भोसरीहून आलो. ह्यांनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, पण काटा हलेना. डायनॅमोच्या टोकाला दिवा लावून पाहिला तर लख्ख पेटला! म्हणजे डायनॅमो वीज करत होता, पण ती कट-आउटच्या पेटीतून, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या डबीतून, पुढे बॅटरीकडे जात नव्हती. पेटी तर नवी दिसत होती.

आमच्या कंपनीत तारेचं टोक खरवडल्याशिवाय जोड देत नाहीत. तारेवर इनॅमलचा रंगासारखा थर असतो, तो वीज अडवतो. हातांना ती सवय लागलेली. पेटीचा पत्रा जरा खरवडून त्याला तारेचं एक टोक धरलं आणि दुसरं टोक सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. टक् असा आवाज आला आणि काटा उठला! मी ओरडलेच. गाडीत विजेची परतीची वाट लोखंडातूनच असते ना, तीच पेटीला मिळत नव्हती.

मग पेटी खोलली आणि माझे हात थांबले. पेटीच्या खाली, सांगाड्यावर, स्क्रूच्या आट्यांतसुद्धा जाड हिरवा ऑइलपेंट होता, लोखंड लोखंडाला टेकतच नव्हतं. दोन हात दिलेला, कुठे ओघळ नाही. असा रंग आपल्या घरात एकच माणूस देतो.

आठवतं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबा जीप रंगवायला बसले होते? बैलगाडी रंगवायचे तसेच, एकेक भाग सोडवून. "आतल्या अंगाला रंग न्हाई लावला तर गंज धरतो," म्हणत होते. तू हसत त्यांना स्क्रूड्रायव्हर दिलास. बैलगाडी गेली, बैल गेले, म्हाताऱ्याचा जीव रंगवण्यात रमतोय, असं तू मला हळूच म्हणालास. त्यांनी तुझ्या जीपवर जीव लावला रे दादा. दुसरं काही केलं नाही त्यांनी.

इतक्यात काठीचा आवाज आला. आबा मागे येऊन उभे होते. मी पेटी उलटी करून मांडीत धरली.

"काय घावलं?"

"आतली तार तुटली होती, आबा. बाहेरून कळण्यासारखी नव्हती. त्यामुळे दिवे गेले, इंजिन गेलं. दादा शुद्धीत होता."

त्यांनी काठी जीपला टेकवली. मग म्हणाले, "शुद्धीत व्हता व्हय? माझा यशवंता शुद्धीत व्हता?" आणि तिथेच मडगार्डला धरून खाली बसले. तू गेल्यावर ते पहिल्यांदा रडले. वहिनी धावत आली, तिलाही मी तेच सांगितलं. दोघं रडत होते आणि मी पेटीला हुंगत बसले होते, त्या रंगाचा वास अजून येतोय का म्हणून. वेडी म्हण मला.

मी बरोबर केलं का? वहिनीला खरं कळायचा हक्क नाही का? तिला सांगितलं तर ती आबांच्या ताटात भाकरी वाढू शकेल का? तू असतास तर काय म्हणाला असतास? माझा तुझ्यावरही राग आहे. त्या डब्याखाली एकदा तरी बघायचंस!

आम्ही निघताना आबा जीपवर हात फिरवत होते. म्हणाले, "हिला इकायची न्हाई. येत्या दसऱ्याला पुन्यांदा रंग देतो. यशवंताला आवडायचा."

दादा, त्यांना मी रंगवू देईन. स्क्रूड्रायव्हरसुद्धा हातात देईन. ते जेवायला उठले की पेटी खोलून खालचा रंग आजच्यासारखाच पॉलिशपेपरने खरवडीन आणि परत बसवीन. ते आहेत तोवर दर वर्षी. हे तुला कबूल करते आणि त्यांना कधी कळू देणार नाही.

तुझी,
शकू