तीन नंबरचा कामचोर

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी आजही उचक्या देऊन राहिली! राजापेठच्या पुलावर चढली अन् धक-धक-फुस्स. मागं सारे हॉर्न बोंबलून राहिले. मी स्टेअरिंगवर, हे बाजूले. बसल्या बसल्या यायनं निकाल दिला — "बावीस वर्षांची म्हातारी आहे. पुढच्या सोमवारी भंगारवाल्याले देऊन टाकू."

एवढ्यासाठी? माहं डोस्कंच फिरलं. मी भांडली. शेवटी म्हणाले, "रविवारी अकोल्याले जाऊन वापस आली तर ठेवू. नाई तर नाई."

रविवारी अकोल्यात भागीरथाच्या सुनेचं डोहाळजेवण. भागीरथा माही लहानी बहीण. मले ही गाडी पाहिजे, बस! पन्नाशीत शिकली मी चालवायले. बहिणीकडं जायले कोणाच्या मिनत्या कराव्या लागू नाई, एवढंच मागून राहिली मी.

अन् यायचं काही समजत नाई. पहिले किल्लीले हात लावू देत नव्हते. दिवाळीत यायनंच गेटच्या खांबाले गाडी ठोकली, तेव्हा म्हणे — खांबच बाहेर आला होता! तवापासून म्हणतात, तूच चालव, हात बसू दे. अन् हात बसला तर गाडीच विकतात!

११ फेब्रुवारी

बंडू मेकॅनिक साळीच्या लग्नाले भातकुलीले गेला. पुढच्या बुधवारीच येतो म्हणे. साळीच्या लग्नाले आठ दिवस!

फोनवर डीजे वाजून राहिला होता, त्याच्यात ओरडून बंडूनं सांगतलं — "वहिनी, गाडी बंद करा, प्लगची एक वायर काढा, मग चालू करा. आवाज बिघडला तर तो प्लग कामाचा. काहीच फरक पडला नाई तर तोच कामचोर!"

मी केलं. पहिली काढली, इंजिन रडलं. दुसरी, रडलं. तिसरी — काही नाई! जशी होती तशीच थरथर. सापडला! अंगणात मी टाळ्या वाजवल्या. चौथीच्या वक्ताले गाडी बंद करायची विसरली अन् असा झटका बसला की चप्पल एकीकडं, मी एकीकडं. सासूबाईंनं ओट्यावरून विचारलं, "अवं शैला, नाचून राहिली का?"

१२ फेब्रुवारी

बंडू म्हणे चारही प्लग नवे टाका. यायले बजारात धाडलं. आणले ते मोटरसायकलचे! भोकात टाकला तर खडखड. डबीवर मोटरसायकलचं एवढं मोठं चित्र होतं बाप्पा!

"दुकानदारानं दिले ते आणले," म्हणे. अन् वरून माह्यावरच चिडले. मले वाटते मुद्दामच केलं. मग जुना प्लग रुमालात बांधून मीच गेली, तसेच चार अन् प्लगपाना घेऊन आली.

१३ फेब्रुवारी

आजचा दिवस सासूबाईंच्या नावानं.

बंडूनं बजावलं होतं, एकच वायर काढा, प्लग बदला, ती लावा, मग दुसरी. मले घाई. म्हटलं, खुणा करू अन् चारही एकदम काढू. घरात रंग कोणते? पहिलीले तेलात कालवून कुंकू. दुसरीले हळद. तिसरीले तांदळाचं पीठ. चौथी कोरी. केवढी हुशार मी!

चारही नवे प्लग बसवले. बंडूचे शब्द होते — "हातानं आवळा, मग पान्यानं थोडंसं. लोणच्याच्या बरणीसारखं कसू नका." तसंच केलं. हात धुवायले आत गेली. दोन मिनिटं! वापस येऊन पाहते तर सासूबाई मनकर्णाबाई आरतीचं ताट घेऊन बोनेटपुढं उभ्या. चारही वायरी ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेल्या, चारहींले हळद-कुंकू सारखं. बॅटरीवर झेंडूचं फूल. इंजिनवर सुपारी!

"अवं, पूजा मांडली अन् अर्धी काहून सोडली? एक तर कोरीच ठेवली होती. मी पुरी केली."

पायाच पडली. लांबीवरून पहिली अन् चौथी ओळखू आली. दुसरी-तिसरी सारख्याच. अंदाजानं लावल्या. चावी फिरवली — फाट्ट! फाट्ट! शेजारच्या सुभद्राकाकू धावत आल्या, कोणाची वरात आहे म्हणे!

रडूच आलं मले. मग डोळे पुसले, त्या दोन वायरी आलटापालट केल्या अन् पुन्हा चावी मारली.

गुर्रर्रर्र. एकसारखं. एकही उचकी नाई!! सासूबाई म्हणाल्या, "पाह्यलं? सुपारीचं काम आहे." सुपारी कुठं पडली ते मात्र अजून समजलं नाई.

१५ फेब्रुवारी

मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, रस्ता पाठ करून राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेली अन् वापस आली!! दोन्हीकडून मीच चालवली. अकोल्यात भागीरथानं गाडीवरून लिंबलोण उतरवलं, सुनेचं मागून. सासूबाई मागच्या सीटवर ट्रकवाल्यायले सारखी बाजू देत होत्या — "जा बाबा, तूच जा पुढं."

मी यायले एकदा विचारलं, समोरच्या पाटीवर काय लिवलं? म्हणे, "तुले दिसते ना? मग तूच वाच." जळून राहिले, दुसरं काय! मी जिंकली ना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भंगारवाल्याचा फोन आला. यायनंच उचलला — "येऊ नका. गाडी घरीच राहते."

मग म्हणाले, "सहा महिन्यांपासून समोरचं सारं धुरकट दिसते मले. कोणाच्या पोराले ठोकीन म्हणून भीती वाटे. सांगायची लाज वाटली. म्हटलं, गाडीच गेली तर कोणी चालव म्हणणार नाई."

उद्या डोळ्याच्या दवाखान्यात नेते. गाडी मीच चालवीन.

उठता उठता हळूच म्हणाले — "शैला, खांब जागेवरच होता."