शिट्टीसाहेबांचे दात आणि तुझा पत्ता

तीर्थरूप मामास,

दोन्ही हात प्लास्टरने माखलेले असल्यामुळे तुझ्या भाचीचा नुसता कोपरांनी जोडलेला नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, नव्या खोलीत पाणी वेळेवर येत असेल आणि तू दोन्ही वेळा नीट जेवत असशील, असं मी धरून चालले आहे. (खोकला गेला का? कार्डावर पत्ता लिहिलास, त्याखाली ‘ताईला कळता कामा नये’ असं आईबद्दल लिहून ते अधोरेखितही केलंस, पण खोकल्याचं नाव नाही.) इकडे आम्ही खुशाल आहोत. खुशाल म्हणजे आई ठीक आहे, मी ठीक आहे आणि तुझ्या कर्जाची वसुली माझ्या लॅबमध्ये जोरात चालू आहे.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. मुलांच्या वाढदिवसांना भाड्याने द्यायचा तो पंख्याने फुगवायचा, उड्या मारायचा किल्ला तू घेतलास, तेव्हा जामीनदार म्हणून मीच हसत हसत सही केली. लोक हवेत इमले बांधतात, आपण हप्त्यावर घेतला, एवढाच फरक. तो पाचव्या वाढदिवसाला शिवणीत उसवला आणि आत बसलेल्या मुलांसकट हळूहळू जमिनीवर आला, यात तुझा काय दोष? उलट मुलांना भलतीच मजा आली म्हणे. पुढे हप्ते थकले, तुझा फोन बंद झाला आणि वसुलीवाल्यांनी जामीनदाराच्या कामावरचा नंबर शोधून काढला. माझी तक्रार असलीच तर इथपासून पुढची आहे.

आमची लॅब म्हणजे एक लांबट खोली, दातांच्या कवळ्यांनी भरलेली. सगळ्यांचे हात सदा मेणात नाहीतर प्लास्टरमध्ये, म्हणून मालकीणबाईंचा नियम असा, की फोन वाजला की जवळ असेल त्याने कोपराने बटण दाबून तो स्पीकरवर घ्यायचा. एरवी फोन असतात डेंटिस्ट लोकांचे. कोणाची दाढ उंच झाली, कोणाचे दात फार पांढरे आले. त्यात लपवण्यासारखं काय असणार? त्यामुळे ‘तुमचे मामा पळून गेलेत आणि जामीनदार तुम्ही आहात’ हे वाक्य पहिल्यांदा आलं ते सगळ्या खोलीसाठी आलं. पॉलिशवाल्या काकांनी मोटार बंद केली (ती ते जेवायलासुद्धा बंद करत नाहीत). मेणकाम करणारी ताई माझ्याकडे बघायचं टाळून इतकं एकाग्र होऊन मेण तापवू लागली, की ते उतू गेलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तो माणूस दमदाटी करत होता ना, त्याच्या प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजायची. समन्स, साक्षीदार, सगळी संपत्ती. दुसरीकडे कुठे फोन केला असता तर लोक घाबरले असते. त्याने केला कवळीवाल्यांकडे. त्याचं बोलणं संपायच्या आत खोलीत वाद सुरू झाला. काका म्हणाले, वरचे पुढचे दात फार बाहेर बसवलेत. ताई म्हणाली, कवळीच सैल आहे. मालकीणबाई आपल्या खोलीतून ओरडल्या, की दोन्ही. मग पलीकडून अगदी खालच्या आवाजात त्याने विचारलं, यावर काही करता येतं का.

आम्ही परस्पर कोणाला दात देत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या डेंटिस्टबाईंचा पत्ता दिला. आठवडाभराने शिट्टीसाहेबांचा (हे नाव ताईने ठेवलं) साचा आला तो नेमका माझ्या टेबलावर, कारण मेणात दात लावायचं काम माझं. मामा, ज्या माणसाच्या फोनला आपण घाबरतो, त्याचं बोळकं तोंड आपल्यापुढे फळीवर ठेवलेलं असलं की फार विचित्र वाटतं. काकांचं मत होतं, की जरा सैलच ठेव, निदान शिट्टी तरी राहील. मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. पण हातून वाईट काम होईना. इतके सुरेख दात मी आजवर कोणाला लावले नव्हते.

परिणाम काय झाला? त्यांच्या धमक्या आता स्वच्छ ऐकू येतात. शेजारच्या टायपिंगवाल्यांनासुद्धा.

अर्थात माणूस वाईट नाही. दात बसल्यापासून आधी माझी चौकशी करतात, मग दम देतात. परवा आवाज खाली आणून म्हणाले, ‘हप्ते लहान करून देणं माझ्या हातात आहे हो. पण सही त्यांचीच लागते. माणूस समोर यायला हवा.’ मी म्हटलं, मामा कुठे आहे मला ठाऊक नाही. ते म्हणाले, बरं. (त्यांनी हे ज्या सुरात म्हटलं, त्यावरून त्यांना माझं खोटं कळलं आणि वाईटही वाटलं.) मालकीणबाईंनी मात्र काल मला आत बोलावलं. डेंटिस्टांना लाइन मिळत नाही, महिनाअखेरीपर्यंत हे थांबलं नाही तर तू दुसरीकडे बघ, असं म्हणाल्या आणि मग स्वतःच डोळे पुसू लागल्या. शेवटी मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

पण तू काळजी करू नकोस. ये असं मी म्हणणार नाही. मला दात लावता येतात, कुठेही काम मिळेल. तुझा पत्ता मी कोणाला सांगितलेला नाही, सांगणारही नाही. आई काही विचारत नाही. फक्त फोन वाजला की भाजी चिरता चिरता थांबते, आणि तू नाहीस असं कळलं की पुन्हा चिरू लागते. त्या दिवशी भाजी जाडीभरडी होते, बाकी काही नाही.

तब्येतीला जप. खोकल्याचं लिही.

तुझी,
जामीनदार भाची

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते एका परीने बरं झालं. आज शिट्टीसाहेब कवळी हिरडीला टोचते म्हणून ती घासून घ्यायला लॅबमध्येच आले होते, आणि तेवढ्यात आईचा फोन आला, येताना साबण आण म्हणून. अर्थात स्पीकरवर. साहेबांचे दात काकांच्या हातात, तरी त्यांनी बोळक्या तोंडाने तिला विचारलंच, की तुमचे बंधू कुठे आहेत, आम्ही त्यांना तीन महिने शोधतोय. आई म्हणाली, ‘तीन महिने? तो रांगायला लागला तेव्हापासून मी त्याला शोधतेय. माझा नंबर आधी आहे. तुम्ही थांबा.’ साहेब थांबले. हो, असंही म्हणाले.

ता. क. दुसरा. घरी आल्यावर आईने काही विचारलं नाही. ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. वसुलीवाल्यांपुढे मी तीन महिने टिकले, मामा, तिच्यापुढे आमटी संपेपर्यंत टिकले नाही. पत्ता तिच्याकडे आहे. ती रविवारी तुझ्याकडे पोचेल. रागावलेली नाही असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून लिहीत नाही. तिने जायचं एक तिकीट काढलंय आणि यायची दोन.